आज्यांना फ्लॉस येत नाही

कुत्र्याची दोन पिल्लं, सख्ख्या बहिणी. खांद्यावर शाली घेतात, नाकावर चष्मे चढवतात आणि बघता बघता म्हाताऱ्या होतात. थोरली झाली जॅनेट, धाकटी झाली रीटा. दोघी कमरेत वाकून चालतात, कापऱ्या आवाजात एकमेकींवर खेकसतात, एकीचं दुसरीला ऐकू जात नाही. डब्यातले बीन्स जमिनीवर सांडतात आणि रीटा त्यांच्यावरून घसरते. ती घसरली आणि माझी पाच वर्षांची नात हसता हसता सोफ्यावरून खाली घरंगळली. जावई कपड्यांच्या घड्या घालत होता. त्यानं हा एपिसोड कितीतरी वेळा पाहिला असणार, कारण रीटाचं वाक्य त्यानं तिच्याआधीच म्हणून टाकलं आणि तोही हसत सुटला. मी आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिले. यात एवढं काय आहे, ते मला उमगेना.

सांगलीहून ब्रिस्बेनला लेकीकडे आले तेव्हा ‘ब्लूई’ या कार्टून मालिकेशी माझी ओळख फारच वरवरची होती. नातीच्या पाण्याच्या बाटलीवर, उशीच्या अभ्र्यावर, चपलांवर एक निळं कुत्रं असतं, एवढंच ठाऊक होतं. ते कुत्रं ऑस्ट्रेलियात गुरं वळणाऱ्या ‘ब्लू हीलर’ जातीचं, आणि मालिकेतल्या कुटुंबाचं आडनावच हीलर, हे मला नातीनं शिकवलं. बाबा बँडिट, आई चिली, सहा वर्षांची ब्लूई, चार वर्षांची बिंगो. एकेक एपिसोड जेमतेम सात मिनिटांचा. जो ब्रम यांनी ही मालिका निर्माण केली. ती याच गावातल्या लुडो स्टुडिओत तयार होते आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीवर दिसू लागली. जॅनेट-रीटाचा ‘ग्रॅनीज’ हा एपिसोड पहिल्याच सीझनमधला. हीलरांचं घर लाकडी, खांबांवर उचललेलं, रुंद व्हरांड्याचं. इथे अशा घराला ‘क्वीन्सलँडर’ म्हणतात आणि लेकीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तशीच घरं दिसतात. त्यामुळे पडद्यावर जे चाललंय ते पलीकडच्या गल्लीतच घडतंय असं मला वाटायचं.

मालिका मुलांची आहे, त्यामुळे मुलांनी हसण्यात नवल नव्हतं. गोंधळ व्हायचा तो मोठ्यांकडे पाहून. ट्रेनमध्ये समोर बसलेल्या तरुण मुलीच्या टी-शर्टवर जॅनेट आणि रीटा. लहान मूल सोबत नसलेली माणसंही कॉफीच्या रांगेत या कुत्र्यांबद्दल शेजारपाजारच्या माणसांसारखी बोलायची. २०२४ साली अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सर्वांत जास्त पाहिली गेलेली मालिका हीच होती, नील्सनच्या मोजणीप्रमाणे ५५ अब्ज मिनिटांहून जास्त, असं जावयानं सांगितलं. एवढी मिनिटं एकट्या मुलांनी पाहिली नसणार हे उघड होतं. मग मी ठरवलं, आता नीट बघायचं. हसणाऱ्यांकडेही बघायचं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं नव्हतं, ते ऐकू न येण्याच्या विनोदामुळे. मी कानाला मशीन लावते. गर्दीत कोणी मागून बोललं तर अर्धं निसटतं, मग समोरच्याच्या ओठांकडे बघून अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकला की लोक हसतात. प्रेमानं हसतात, पण हसतात. जॅनेट ओरडते, रीटा भलतंच ऐकते आणि घर खदखदतं, हे बघताना माझा हात आपोआप कानाकडे गेला. तो विनोद मला आजही फारसा आवडत नाही. बहिऱ्या म्हाताऱ्या माणसाचं पात्र आपल्या नाटकांतही पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि तिथेही मला त्यात कधी गंमत वाटली नाही.

पण एका दुपारी नातीचा खेळ बघताना वेगळंच काहीतरी नजरेला पडलं. माझी शाल तिनं डोक्यावरून घेतली होती, लेकीची पर्स कोपरात अडकवली होती आणि घरभर वाकून फिरत दारं-कपाटं आपटत होती. मी म्हटलं, “मी रीटा होऊ का?” तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मी कुर्ता घातला होता, पायात चालायचे बूट होते, बाहेरून नुकतीच आले होते. “तू नको,” ती म्हणाली, “रीटा म्हातारी आहे.”

मी सत्तरीच्या उंबऱ्यावर आहे. केस पांढरे आहेत, मशीन तिच्या डोळ्यांसमोर कानात आहे. तरी तिच्या लेखी मी म्हातारी नव्हते. तिची म्हातारी खेळातली होती, चष्मा आणि शालीसोबत कुठून तरी आलेली, कापऱ्या आवाजाची. माझ्याशी तिचा काहीएक संबंध नव्हता.

त्यानंतर मी तो एपिसोड पुन्हा लावायला सांगितला, आणि या खेपेला बीन्सच्या पुढे काय होतं ते लक्ष देऊन पाहिलं. बिंगो रीटा झालेली असतानाच मध्येच फ्लॉस नाच करते. ब्लूई खेळ थांबवते. आज्यांना फ्लॉस येत नाही, ती म्हणते. येतो, बिंगो म्हणते. येत नाही. येतो. वाद मिटेना. शेवटी त्या खऱ्या आजीला विचारायचं ठरवतात. आजीला त्या ‘नॅना’ म्हणतात. व्हिडिओ कॉल लागतो आणि नॅनाला फ्लॉस येत नसतो. ब्लूई जिंकते. पण बिंगोचा उत्साहच मावळतो, तिला खेळायचंच नसतं. मग चिली ब्लूईला शांतपणे विचारते: तुला बरोबर ठरायचंय, की बिंगोबरोबर खेळायचंय? ब्लूई विचार करते आणि नॅनाला पुन्हा गाठून फ्लॉस शिकवते. मग बिंगोला बोलावून पडद्यावर दाखवते: बघ, आजी नाचतेय. आणि जॅनेट आणि रीटा पुन्हा कामाला लागतात.

मला मोलाची वाटली ती नॅना. ती जॅनेटसारखीही नाही आणि रीटासारखीही नाही. ती वाकलेली नाही, खेकसत नाही. ती एक साधी आजी आहे, तिला एक गोष्ट येत नाही, आणि कोणीतरी तसदी घेऊन शिकवली की ती तिला येते. सात मिनिटांत हा एपिसोड खेळातल्या म्हातारीची गाठ खऱ्या आजीशी घालून देतो. आणि आज्यांना काय येत नाही हे जिनं छातीठोकपणे सांगितलं होतं, तीच पोर शिकवायला बसते. ते मला जिथे लागायचं तिथे लागलं.

नॅनाला आवाज दिलाय क्रिस ब्रम यांनी. त्या जो ब्रम यांच्या आई. हे कळल्यावर मी तो भाग परत लावायला लावला, आणि लेक म्हणाली, “आई, आता तूच हट्ट करायला लागलीस.” मुलानं कार्टून काढलं आणि आजीच्या जागी स्वतःच्या आईला उभं केलं. नॅनाचा आवाज कुठेही ‘म्हातारीचा आवाज’ काढल्यासारखा वाटत नाही, याचं कारण मला तिथे सापडलं. ब्लूई आणि बिंगोचे आवाजही लहान मुलांचेच आहेत, आणि त्यांची नावं मुद्दाम जाहीर केलेली नाहीत, ही गोष्टही मला फार आवडली.

नातीच्या शाळेतल्या मैत्रिणीचा वाढदिवस बागेत होता. इथल्या बागांमध्ये विजेच्या शेगड्या बसवलेल्या असतात, त्यांवर कोणीही येऊन भाजून खावं. मुलांना ‘ब्लूई’तलं काहीतरी होऊन यायला सांगितलं होतं. हिरवळीवर जॅनेटांची आणि रीटांची नुसती झुंबड होती. बापांचे चष्मे घसरत होते, शाली पायात येत होत्या, आणि प्रत्येक रीटा कुठे ना कुठे मुद्दाम घसरून पडत होती. मी माझं मशीन नीट बसवून मोठ्यांच्या घोळक्यात जाऊन बसले. एकेकाला विचारलं: तुम्हाला ‘ग्रॅनीज’ का आवडतो?

एका मुलाची आई म्हणाली की चिलीचा तो प्रश्न तिनं कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलाय. मुलांसाठी नाही, तिच्यासाठी आणि नवऱ्यासाठी. भांडण लागलं की दोघांपैकी एक जण फ्रीजकडे बोट दाखवतो. तिची धाकटी बहीण, कॉलेजातली मुलगी, मला रीटाचे सगळे संवाद आवाजासकट म्हणून दाखवू लागली. तिला बाकी काही नको होतं, बीन्स पुरेसे होते. घरात सगळे दमलेले असले की कोणीतरी त्यातलं एखादं वाक्य फेकतं आणि सगळे हसतात, एवढं तिला बस होतं. मला ते मनापासून पटलं. माझ्या माहेरीही काही नाटकांतली वाक्यं अशीच चालायची. ती कुठून आली हे नंतर कोणाच्या लक्षातही नसे.

मग एक उंच, अबोल गृहस्थ बोलले. त्यांची आई पर्थला असते. कोविडमध्ये पर्थच्या राज्यानं, पश्चिम ऑस्ट्रेलियानं, स्वतःच्याच देशातल्या इतर राज्यांना हद्द बंद केली होती, ती पूर्ण उघडली ते मार्च २०२२ मध्ये. तोवर त्यांच्या मुलीनं आजीला बहुतेक वेळा पडद्यावरच पाहिलं. त्या काळात या दोघी फोनवर फ्लॉस शिकल्या. ते म्हणाले, मला या एपिसोडमध्ये हसू येत नाही, मला फक्त तो कॉल दिसतो.

मी त्यांचा हात धरला. परक्या देशात परक्या माणसाचा हात धरावा की नाही, हे मी त्या क्षणी पाहिलं नाही. माझी नात २०२० मध्ये जन्मली. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियानं आपली दारं बंद केली होती. बाळंतपणाला मी यायचं ठरलेलं, तिकीट काढलेलं, डिंकाचे लाडू करून ठेवलेले. २०२१ च्या मे महिन्यात तर भारतातून येणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या नागरिकांनाही काही काळ मनाई होती, तिथे मला कोण येऊ देणार? पर्यटकांसाठी दार उघडलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये. तोवर माझ्या नातीला आजी म्हणजे हातात मावणारी एक चौकट, तिच्यातून गाणारी, बोलणारी. ती रांगायला लागली ते मी फोनवर पाहिलं, पहिलं पाऊलही तिथेच पाहिलं. तिला मांडीवर घेतलं तेव्हा ती माझ्या चेहऱ्याला नखानं हळूच टोकून बघत होती. म्हणून नॅना त्या पडद्यात अडकलेली मला वेगळीच दिसते. दूर गेलेल्या लेकरांच्या आज्या सगळ्या तिथेच राहतात, सांगलीतल्या, साताऱ्यातल्या, पर्थमधल्या. तिथून त्यांनी नुसतं “जेवलीस का बाळा” म्हणायचं, की त्यांनाही खेळात घ्यायचं, हे पलीकडच्या मुलावर असतं. ब्लूईनं नॅनाला खेळात घेतलं.

त्या घोळक्यात एक आजोबाही होते, आठवड्यातून अनेकदा लॉन बोल्स खेळणारे. त्यांनी सरळ सांगितलं, मला हा एपिसोड आवडत नाही. आमच्या क्लबात कोणीही असं कापऱ्या आवाजात बोलत नाही, आणि मुलं शाळेत म्हातारपण म्हणजे फक्त वाकणं आणि ओरडणं असं करून दाखवतात. त्यांचं बोलणं लोकांनी हसण्यावारी नेलं. मी नेलं नाही. कानाच्या मशीनबद्दल मी त्यांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली. मग मी विचारलं, तुम्ही शेवटपर्यंत पाहिलाय का? नॅना शिकते तिथपर्यंत? ते म्हणाले, पाहिलाय, पण नातू तोवर उठून गेलेला असतो. यावर मला काही उत्तर सुचलं नाही. लहान मूल बीन्सपाशी थांबतं हे खरं आहे. नॅना दिसायला थोडं मोठं व्हावं लागतं, किंवा बरंच.

इतक्यात सत्तरीच्या पुढची एक बाई पाय रोवून उभी राहिली आणि तिनं हिरवळीवर फ्लॉस केला. चपळ, नेमका, चेहऱ्यावर हसूही न आणता. मुलांनी शाली टाकून तिच्याभोवती कोंडाळं केलं. मी तिला विचारलं, कुठे शिकलात? नातवाकडून, ती म्हणाली, नॅनाला बघून मला माझीच लाज वाटली, मी अजून का शिकले नाही म्हणून.

घरी येताना गाडीत मी नातीला म्हटलं, “मला शिकव.”

हा नाच निघाला अमेरिकेत. रसेल हॉर्निंग नावाचा एक किशोरवयीन मुलगा पाठीवर दप्तर अडकवून तो करायचा, म्हणून त्याला ‘बॅकपॅक किड’ म्हणायचे. मे २०१७ मध्ये केटी पेरीबरोबर त्यानं तो ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये केला, मग ‘फोर्टनाइट’ या खेळात आला आणि जगभरच्या शाळांच्या मैदानांत पसरला. बघताना सोपा वाटतो. मुठी वळायच्या, हात कोपरात न वाकवता दोन्ही एकाच बाजूला झोकायचे. एक हात पोटाच्या पुढून जातो, दुसरा पाठीमागून. आणि कंबर हातांच्या उलट्या दिशेला. हात उजवीकडे तर कंबर डावीकडे. कोणता हात पुढून आणि कोणता मागून हे सारखं बदलत राहतं. सगळी मेख तिथे आहे.

मला नाच परका नाही. मंगळागौरीला आमच्या वाड्यात फुगड्या, झिम्मा, पिंगा, गोफ हे सगळं पहाटेपर्यंत चालायचं आणि त्यात आज्या मागे नसायच्या. माझ्या आजेसासूबाई बसफुगडी अशी घालायच्या की सुनांना दम लागे. म्हणून आज्यांना नाचता येत नाही हे ब्लूईचं म्हणणं माझ्या अनुभवाशी जुळतच नाही. पण पिंग्यात अंग एका ओघात जातं, कंबर हातांबरोबर घुमते. इथे शरीराचे दोन भाग एकमेकांविरुद्ध जायचे, तेही वेगात. व्हरांड्यात मी उभी राहिले, आणि हात उजवीकडे गेले की कंबरही उजवीकडे. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मी सांगलीत अनेक वर्षं शिवणक्लास चालवला. पायमशीनवर नवीन बसलेल्या मुलीचं अगदी असंच होतं. हात कापड पुढे सारतात, पाय पायडल उलटा मारतात, चाक मागे फिरतं आणि दोरा तुटतो. मी तिला आधी दोरा काढून टाकायला लावायची. सुई रिकामी, कापड नाही, नुसता पाय. पाय आपला आपण चालायला लागला की मग हात. नातीला हे मी सांगितलं नव्हतं. तरी माझं जमत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “आजी, हात सोड. आधी नुसतं पोट.” ती पाठीमागे गेली, दोन्ही तळवे माझ्या कमरेवर ठेवले आणि मला या बाजूला, त्या बाजूला ढकलू लागली. तिची उंची माझ्या कमरेपर्यंतच आहे, त्यामुळे तिला ते सोयीचं होतं. बराच वेळ नुसती कंबर. मग ती समोर आली, माझ्या मुठी धरल्या आणि हात झोकायला लागली. “पुढे. मागे. आता दुसरा पुढे. आजी, माझ्याकडे बघू नको, समोर बघ.” मी माझ्या मुलींना अगदी हेच सांगायची: सुईकडे बघू नकोस, कापडाकडे बघ.

पाच वर्षांच्या मुलीत एवढी चिकाटी असते याची मला कल्पना नव्हती. ती एकदाही हसली नाही. स्वतः करून दाखवताना मुद्दाम हळू करायची, आणि हळू फ्लॉस करणं वेगात करण्यापेक्षा अवघड असतं, हे मला आता माहीत आहे. दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा व्हरांड्यात घेऊन गेली, त्यानंतरही. मध्येच दोन-तीन झोके बरोबर पडले तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसतं “आता थांबू नको” म्हणाली. कोणाला शिकवताना कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे मला कळायला कितीतरी वर्षं लागली होती.

या शिकण्याचा व्हिडिओ लेकीनं माझ्या थोरल्या बहिणीला पाठवला. तिचा सांगलीहून फोन आला. आधी ती म्हणाली, गुडघ्यांना जप. मग म्हणाली, ते हात नेमके कसे जातात, पोरीला परत दाखवायला सांग, फोन जरा लांब धरा.

इथे हॅमिल्टन भागात, नदीकाठी, ‘ब्लूईज वर्ल्ड’ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उघडलं. हीलरांचं घर तिथे खरंखुरं बांधलंय, त्यातून हिंडता येतं. आम्ही गेलो तेव्हा मुलांइतकीच मोठी माणसं होती, आणि घरात शिरल्यावर जास्त हळवी झाली ती मोठी माणसंच. एक मध्यमवयीन बाई हीलरांच्या घरात उभी राहून डोळे पुसत होती. जावई म्हणाला, हे नेहमीचंच आहे, आणि घरी आल्यावर त्यानं मला ‘ग्रँडॅड’ लावून दिला. तो दुसऱ्या सीझनमधला. चिलीच्या वडिलांना, मॉर्टना, तब्येतीमुळे विश्रांती सांगितलेली असते, आणि ते नातींना घेऊन पळ काढतात. चिली त्यांच्या मागे धावते. शेवटी बाप-लेक पाण्याकाठी बसतात. लहानपणी तुम्ही मला इथे आणायचात, त्याला फार काळ लोटला, असं ती म्हणते. ते म्हणतात, छे, कालच तर होतं. मोठी माणसं इथे रडतात, हे मला कोणी सांगायची गरज उरली नाही. लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. ती खूप वर्षं तशी बसली नव्हती.

तरीही दोन्हींत निवडायचं तर मी ‘ग्रॅनीज’ निवडेन. ‘ग्रँडॅड’मध्ये म्हातारं माणूस मागे बघतं, आणि आपल्याला त्याच्याबरोबर मागे बघायला लावतं. ते खरं आहे आणि सुंदर आहे. पण माझ्या वयाच्या माणसाकडून सगळ्यांना तेच हवं असतं. आठवणी सांगा, जुनं काही सांगा. नॅनाकडून ब्लूईनं नवीन काहीतरी मागितलं.

‘ग्रॅनीज’वर शेवटचा वाद झाला तो लेकीच्या मैत्रिणीच्या मुलाशी. नागपूरची मंडळी आहेत, शनिवारी जेवायला येतात. मुलगा आठ वर्षांचा, बुद्धिबळ खेळणारा, काटेकोर. तो म्हणाला, ब्लूईनं फसवलं. तिचंच बरोबर होतं. नॅनाला फ्लॉस येत नव्हता हे सिद्ध झालं होतं. नंतर शिकवलं आणि बिंगोला सांगितलं की आज्यांना येतो. हा रडीचा डाव.

ही शंका मोठ्यांनाही येते, हे मला बागेत कळलं होतं. धाकटीचं मन राखायला थोरलीनं खऱ्यावर पाणी सोडायचं, हे कुठलं शिकवणं, असं तिथेही एक जण म्हणाला होता. मी मुलाला विचारलं, “बिंगोनं पाहिलं तेव्हा नॅना नाचत होती ना?”

“हो.”

“कोणी तिचे हात हलवत होतं का?”

“नाही.”

“मग बिंगोनं पाहिलं ते खरंच होतं.”

“पण आजी, आधी येत नव्हतं.”

“आधी तुलाही बुद्धिबळ येत नव्हतं.”

तो गप्प झाला, पण पटलं नव्हतं. नात त्याच्याकडे रागानं बघत होती. बऱ्याच विचारानंतर तो म्हणाला, “कार्टूनमध्ये कोणालाही काहीही येतं. खऱ्या आजीला येतो का ते बघितलं पाहिजे.” नातीनं माझा हात धरून मला उठवलं. पानावरून उठू नये म्हणतात, ताकही अजून व्हायचं होतं, पण प्रश्न रास्त होता. मी हात धुतले, ओढणी खुर्चीवर टाकली, पाय रोवले, समोरच्या भिंतीकडे बघितलं. कंबर सुरू झाली, मग हात. काही झोके सलग पडले, स्वच्छ पडले. मग कंबर हातांच्या मागे गेली, मी पुन्हा धरली, पुन्हा काही पडले.

मुलगा खुर्चीवरून उतरून बाजूनं बघून आला, मग पाठीमागून.

“निम्मा येतो,” त्यानं निकाल दिला.

“उद्या पूर्ण येईल,” नात म्हणाली.

“मग उद्या बघू,” तो म्हणाला, आणि दोघं पुन्हा भाताला भिडले.